पत्रिका, मानपत्रं आणि पाट्यांवरचं तिरपं कलमी इंग्रजी अक्षर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पेठेतल्या एका छोट्या जागेत मी पत्रिका, मानपत्रं, प्रमाणपत्रं आणि नावाच्या पाट्या यांची अक्षरजुळणी करतो. तुळशीचं लग्न झालं की फोन सुरू होतात आणि व्हॉट्सॲपवर फोटो येऊ लागतात: "असलंच इंग्रजी पाहिजे." जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पत्रिकेवरच्या त्या तिरप्या, वळणदार इंग्रजी अक्षराला नेमकं म्हणतात काय?

दुकानात "कोर्सिव्हा" म्हटलं की सगळ्यांना कळतं, पण ते एका फॉन्टचं नाव आहे. या जातीच्या अक्षराचं नाव चान्सरी इटॅलिक. चान्सरी म्हणजे दरबाराची किंवा धर्मपीठाची कचेरी, जिथे फर्मानं आणि पत्रं लिहिली जात. आपल्या मोडीत चिटणिशी वळण होतं ना, तसंच हेही चिटणिसांचं अक्षर: भरभर लिहिता यावं आणि वरिष्ठांपुढे ठेवताना देखणंही दिसावं. 'कोर्सिव्हा' हे नावसुद्धा 'धावतं' या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आलेलं आहे. खाली मी त्याला 'तिरपं कलमी अक्षर' म्हणतो.

२. वर्डमध्ये 'आय' बटण दाबलं की अक्षर तिरकं होतं. तेच ना हे?

नाही. तिरक्या अक्षराचे तीन प्रकार मनात वेगळे ठेवा. पहिला, उभं अक्षर संगणकाने नुसतं कलतं केलेलं. त्यात आकार तेच राहतात, फक्त झुकतात. दुसरा, पुस्तकी फॉन्टचं खरं इटॅलिक. त्यात छोटा 'ए' दुमजली न राहता एकमजली होतो, 'एफ'ची शेपटी ओळीखाली उतरते, म्हणजे आकार वेगळे काढलेले असतात. तिसरं आपलं तिरपं कलमी अक्षर. हे कुणाचं जोडीदार इटॅलिक नाही, ते स्वतंत्र आहे. त्याला उभं भावंड बहुधा नसतंच.

म्हणून कोर्सिव्हा निवडल्यावर पुन्हा 'आय' बटण दाबू नका. आधीच झुकलेलं अक्षर आणखी झुकतं आणि पडायला आल्यासारखं दिसतं. 'बी' बटणही नको. संगणक चारी बाजूंनी सारखीच चरबी चढवतो आणि कलमाची बारीक-जाड रेघ बुजून जाते. जोर हवा असेल तर अक्षर दोन पॉइंट मोठं करा किंवा रंग गडद घ्या.

३. हे अक्षर आलं कुठून?

फ्लॉरेन्समध्ये १४२० च्या दशकात निकोलो निकोली नावाचा एक विद्वान जुन्या हस्तलिखितांच्या नकला करत असे. भराभर लिहिताना त्याचं अक्षर अरुंद झालं, उजवीकडे झुकलं, काही अक्षरं एकमेकांना लागली. या वळणाचा प्रसार झाला आणि पोपच्या कचेरीत ते रुळलं.

छापखान्यात ते आलं व्हेनिसला. आल्दुस मानुतियुस या प्रकाशकासाठी फ्रांचेस्को ग्रिफो याने या वळणाचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, कापले आणि १५०१ मध्ये व्हर्जिल या प्राचीन रोमन कवीच्या काव्याचं संपूर्ण पुस्तक त्यात छापलं गेलं. हातात मावेल अशा छोट्या आकाराचं ते पुस्तक होतं. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की त्यातली कॅपिटल अक्षरं तिरपी नव्हती, चक्क उभी होती. तिरप्या अक्षरांच्या शेजारी सरळ उभं कॅपिटल ही मूळची रीत आहे. आज कुणी तसं केलं तर लोक चूक समजतात, पण ती चूक नव्हे.

नंतर रोममधला लुदोविको अर्रिघी आला. तो कचेरीतच लेखनिक होता. १५२२ ची तारीख असलेली त्याची वळणवही लाकडी ठशांवरून छापली गेली आणि पुढे त्याने स्वतः या वळणाचे खिळेही करवून घेतले. आज संगणकावर आपण जे 'चान्सरी' म्हणून वापरतो त्याचा चेहरामोहरा आल्दुसच्या दाट, अरुंद अक्षरापेक्षा अर्रिघीच्या ऐसपैस अक्षराशी जास्त जुळतो. लांब उंच दांडे, त्यांच्या टोकाला झेंड्यासारखं वळण आणि ओळींमध्ये भरपूर हवा.

मला हा इतिहास सांगायला आवडतो, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचं कारण त्यात आहे. हे अक्षर रुंद टोकाच्या कलमातून उतरलं आहे. कलमाला जे जमत नाही ते याच्याकडून करून घ्यायला गेलं की ते बिघडतं.

४. काही पत्रिकांवर सगळी अक्षरं एकमेकांना जोडलेली, केसासारख्या बारीक रेघांची असतात. ते हेच का?

ते वेगळं. त्याला कॉपरप्लेट किंवा राउंडहँड म्हणतात. ते टोकदार, लवचिक निबचं अक्षर आहे. निब दाबली की रेघ जाड, सोडली की बारीक. आपलं तिरपं कलमी अक्षर सपाट, रुंद टोकाच्या निबचं आहे. तिथे दाब बदलत नाही. निब साधारण ४५ अंशांच्या कोनात धरलेली असते आणि हात ज्या दिशेला जाईल त्यावर जाडी ठरते.

भिंगाखाली छोटा 'एन' बघा. कॉपरप्लेटमध्ये पहिला दांडा संपतो तिथून केसासारखी रेघ वर चढत जाते. कलमी अक्षरात निब न उचलता त्याच दांड्यावरून परत वर जाते आणि दोनतृतीयांश उंचीवर फांदी फुटावी तशी बाहेर पडते. दांडा आणि कमान यांच्यामध्ये एक छोटा, टोकदार त्रिकोण उरतो. तो त्रिकोण दिसला की समजा हे चान्सरी.

व्यवहारात सांगायचं तर कॉपरप्लेट जास्त समारंभी आणि जास्त नाजूक. कलमी अक्षर वाचायला सोपं आणि छपाईला सोशीक. घरात ज्येष्ठ मंडळी पत्रिका वाचणार असतील तर मी नेहमी कलमीच सुचवतो.

५. संगणकावर यातले चांगले फॉन्ट कोणते? फुकटातले आहेत का?

हरमान झाप्फ यांनी केलेला झाप्फ चान्सरी १९७९ मध्ये आला आणि पुढे पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन प्रिंटरला सांगणारी भाषा) चालणाऱ्या प्रिंटरांमध्ये आतच भरून येऊ लागला, त्यामुळे जगभर पसरला. मोनोटाइप कोर्सिव्हा १९९१ चा, पॅट्रिशिया सॉन्डर्स यांचा. तो मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर येत असल्याने आपल्याकडे तोच घराघरांत पोचला. मॅकवाल्यांकडे क्रिस होम्स यांचा ॲपल चान्सरी असतो. रॉबर्ट स्लिमबाक यांचा पोएटिका १९९२ चा. एकाच अक्षराची कितीतरी रूपं त्यात आहेत आणि माझ्या मते या सगळ्यांत अर्रिघीच्या वहीशी त्याचंच नातं जवळचं आहे. पण तो विकत घ्यावा लागतो.

फुकटात हवा असेल तर टेक-जायर-कोरस पाहा, तो झाप्फ चान्सरीच्या वळणाचा आहे. गूगल फॉन्ट्सवर टँजरीन आहे, सडपातळ आणि सुंदर. मात्र त्याची छोटी अक्षरं फारच छोटी आहेत. १४ पॉइंटला तो वाचताच येत नाही, २४ च्या पुढे जावं लागतं.

६. हे अक्षर कुठे शोभतं आणि कुठे नाही?

जिथे शब्द थोडे आणि प्रसंग मोठा, तिथे शोभतं. लग्न, मुंज, वास्तू, साठीशांत यांच्या इंग्रजी पत्रिका, मानपत्रावरचं नाव, प्रमाणपत्रावरची 'यांना प्रदान करण्यात येत आहे' ही ओळ, स्मृतिचिन्हावरचा मजकूर, पुस्तकातली अर्पणपत्रिका, कवितेच्या चार ओळी. मिठाईच्या खोक्यावर, उपाहारगृहाच्या मेनूकार्डावर फक्त शीर्षकांना.

लांब परिच्छेद, सूचना, नियम-अटी, तक्ते, दिशादर्शक फलक यांना नको. दवाखान्याच्या बाहेरच्या वेळांच्या फलकाला तर मुळीच नको. तिथे माणूस घाईत आणि काळजीत असतो, त्याला वेळ एका नजरेत दिसली पाहिजे.

मधली जागा मानपत्राची. अख्खं मानपत्र यात हवं असा बहुतेक समित्यांचा आग्रह असतो. शंभर-सव्वाशे शब्दांपर्यंत मी ते करतो, ओळी छोट्या आणि अंतर मोकळं ठेवून. त्याहून मोठा मजकूर असेल तर नाव आणि पहिली ओळ कलमी, बाकी साधं पुस्तकी अक्षर. ज्यांचा सत्कार आहे त्यांनी घरी गेल्यावर ते पुन्हा वाचावं अशी आपली इच्छा असते ना?

७. नाव उठून दिसावं म्हणून सगळी अक्षरं कॅपिटल केली तर?

करू नका. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

कलमी अक्षरातलं कॅपिटल हे शब्दाच्या सुरुवातीला उभं राहायला केलेलं असतं. त्याची कमान डावीकडे पसरते, शेपटी खाली उतरते, कारण त्याच्या डावीकडे मोकळी जागा असणार हे गृहीत धरलेलं आहे. तशी दहा कॅपिटलं एकापुढे एक ठेवली की प्रत्येकाची शेपटी शेजारच्याच्या पोटात घुसते. 'आय', 'जे', 'टी', 'एफ' एकमेकांसारखे दिसू लागतात.

धंद्यात नवा होतो तेव्हा एका सत्कार समितीच्या सांगण्यावरून मी एका निवृत्त शिक्षकांचं नाव अशा सगळ्या कॅपिटलांत लावलं. फ्रेम करून दिली. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी समितीने ती त्यांना दाखवायला नेली, मी सोबत होतो. गुरुजींनी चष्मा लावला, फ्रेम खिडकीपाशी नेली आणि हळूच विचारलं, "हे माझंच नाव आहे ना रे?" सत्तर वर्षं जे नाव ते सही करत आले ते त्यांना वाचता येत नव्हतं. त्या रात्री मी ते पुन्हा लावलं, पहिलं अक्षर मोठं आणि बाकी छोटी. तेव्हापासून सगळी कॅपिटलं मी कुणालाच लावून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. गिऱ्हाइकाला दोन्ही नमुने छापून शेजारी ठेवतो, ते स्वतःच बदलतात.

आद्याक्षरांचं काय? 'एस. व्ही.' अशी दोन आद्याक्षरं चालतात, मध्ये टिंब आणि थोडी फट ठेवा. पदव्यांसाठी प्रश्न १२ पाहा.

८. आकार किती ठेवावा? ओळींत अंतर किती?

पत्रिकेवर सलग मजकूर १४ पॉइंटच्या खाली नको. वधूवरांची नावं २६ ते ३२. याच्या छोट्या अक्षरांची उंची मुळात कमी असते, त्यामुळे १२ पॉइंटचं कलमी अक्षर पुस्तकी अक्षराच्या १० पॉइंटएवढंच वाटतं. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीची शेपटी खालच्या ओळीच्या दांड्यात अडकते. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका. शब्द विस्कटतो.

९. नावातल्या दोन अक्षरांत विचित्र फट दिसते. फॉन्ट खराब आहे का?

बहुधा नाही. 'वैद्य' हे आडनाव इंग्रजीत लावून पाहा. कॅपिटल 'व्ही' उजवीकडे वर पसरतो आणि पुढचा छोटा 'ए' त्याच्या पायाशी दूर बसतो. या जोड्यांचं अंतर फॉन्टच्या आत लिहिलेलं असतं, त्याला कर्निंग म्हणतात. वर्डमध्ये फॉन्टच्या ॲडव्हान्स्ड पानावर कर्निंगची खूण करून घ्या. कोरलमध्ये, म्हणजे प्रेसवाले वापरतात त्या कोरलड्रॉ प्रोग्राममध्ये, अक्षर हाताने सरकवता येतं. वाकणकर, तांबे, वाघ, यादव ही नावं हमखास तपासा.

१०. मराठी मजकुराला हाच फॉन्ट का लागत नाही? चौकोन किंवा भलतीच इंग्रजी अक्षरं येतात.

या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत, त्यामुळे लागणार नाही. पण जे दिसतं त्याची कारणं दोन आहेत.

मजकूर युनिकोडमध्ये असेल, म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेला, तर संगणक एकतर दुसरा मराठी फॉन्ट गुपचूप वापरतो किंवा चौकोन दाखवतो. मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बसवलेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या खणांत ठेवलेले असतात. फॉन्ट बदलला की खणातलं मूळ इंग्रजी अक्षर आणि चिन्हं उघडी पडतात. मजकूर बिघडलेला नसतो, पुन्हा मूळचा फॉन्ट लावला की परत येतो. पुण्यातल्या बऱ्याच प्रेसमध्ये अजून हेच फॉन्ट चालतात, म्हणून मराठी मजकूर पाठवताना तो युनिकोड आहे की श्री-लिपी ते आधी सांगा.

११. मग मराठी अक्षरच तिरकं करून इंग्रजीशी जुळवलं तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे.

इंग्रजी अक्षराच्या कलमात डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी रेघ जाड येते. देवनागरीत उलटं. उजवीकडून वरून डावीकडे खाली येणारी रेघ जाड, कारण आपला बोरू उलट्या बाजूने तासलेला असतो. दोन्ही लिपींचा तोल एकमेकांच्या आरशातल्यासारखा आहे.

आता संगणकाने अक्षर उजवीकडे झुकवलं की काय होतं? डावीकडे उतरणारी तिरकी रेघ आणखी आडवी होते आणि बारीक पडते. उजवीकडे उतरणारी रेघ उभी होते आणि जाड होते. कागदावर मोजून पाहा: ४५ अंशांतली रेघ १२ अंशांनी झुकवली तर जाडीत साधारण दहावा हिस्सा फरक पडतो. इंग्रजीत त्यामुळे जाड रेघ जरा अधिक जाड होते, चालून जातं. देवनागरीत मात्र नेमकी जाड रेघ रोडावते आणि बारीक रेघ फुगते. शिवाय खालचे उकार डावीकडे सरकतात, वेलांट्या आणि रफार उजवीकडे. शिरोरेषा आडवीच राहते. म्हणून तिरकं केलेलं मराठी 'कसंतरीच' दिसतं. डोळ्याला खटकतं, पण का ते सांगता येत नाही.

छापील मराठीत जोर देण्याची आपली रीत तिरक्या अक्षराची नाही. अवतरणचिन्हं, ठळक अक्षर, वेगळी ओळ ही आपली साधनं. धावतं, झुकतं अक्षर हवंच असेल तर मोडी आहे, किंवा हाताने लिहून घ्या. तयार फॉन्टांत तिरो देवनागरी मराठी याला मुद्दाम काढलेलं इटॅलिक रूप आहे. ते बटण दाबून झुकवलेलं नाही, म्हणून वापरायला माझी हरकत नसते.

१२. एकाच पत्रिकेवर मराठी आणि इंग्रजी, दोन्ही आहेत. जोडी कशी लावू? आणि पदव्या, ई-मेल कसे लिहू?

झुकाव जुळवायला जाऊ नका, कलम जुळवा. मराठीसाठी असा फॉन्ट घ्या ज्यात बोरूची जाड-बारीक रेघ दिसते. तिरो देवनागरी मराठी चांगला आहे, त्यात 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे मिळतात. एकाच जाडीच्या रेघांचे आधुनिक मराठी फॉन्ट किंवा कलामसारखा रोजच्या हस्ताक्षराचा फॉन्ट याच्याशेजारी परके वाटतात. आकारही एकच आकडा टाकून जुळत नाही. मराठी १६ पॉइंट असेल तर कलमी इंग्रजी १९-२० घ्यावं लागतं.

पदव्या सगळ्या कॅपिटलांत असतात, म्हणजे प्रश्न ७ चीच अडचण. नाव कलमी अक्षरात आणि पदवी साध्या उभ्या अक्षरात, आकाराने दोन-तीन पॉइंट लहान. आल्दुसची उभी कॅपिटलं आठवा (प्रश्न ३). हा तोडगा पाचशे वर्षांचा आहे. ई-मेल, वेबपत्ता आणि फोन नंबर नेहमी साध्या अक्षरात. ई-मेलमध्ये एक अक्षर चुकीचं वाचलं गेलं तरी निरोप पोचत नाही.

१३. तारीख, फ्लॅट नंबर, रुपयाचं चिन्ह यांत काय सांभाळायचं?

कलमी अक्षरातला एकचा आकडा, छोटा 'एल' आणि कॅपिटल 'आय' फार जवळचे दिसतात. मुहूर्त आणि पत्ता याच दोन ठिकाणी ही गफलत महागात पडते. तारीख लिहिताना महिना अक्षरी लिहा, नुसत्या आकड्यांत नको. मुहूर्ताची वेळ छापल्यावर घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याला ती आधी माहीत नाही. पिनकोड साध्या अक्षरात ठेवा.

रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये आलं. कोर्सिव्हा आणि झाप्फ चान्सरी त्याआधीचे, त्यामुळे जुन्या फाइलींत ते चिन्ह नसतंच. देणगीच्या प्रमाणपत्रावर लागलं तर दुसऱ्या फॉन्टमधून घ्या, पण अशा फॉन्टमधून ज्याच्या रेघेला जाड-बारीकपणा आहे. किंवा सरळ 'रु.' लिहा.

१४. अक्षरांना त्या लांब शेपट्या कशा येतात? सगळ्यांना लावता येतील?

त्यांना स्वॅश म्हणतात. त्या चांगल्या फॉन्टच्या आत तयार असतात. इनडिझाइन, इलस्ट्रेटर आणि कोरल या मांडणीच्या प्रोग्रामांच्या नव्या आवृत्त्यांत ओपनटाइपच्या (फॉन्टमधल्या जादा रूपांच्या) यादीतून निवडता येतात. शेपटी शब्दाच्या पहिल्या किंवा शेवटच्या अक्षराला. मधल्या अक्षराला लावली तर ती शेजाऱ्याला कापते. एका ओळीत एक पुरे. वधूवरांच्या नावांत दोघांना सारखी लावा, एकाला लांब आणि एकाला आखूड असं नको. घरात त्यावरून बोलणं होतं, मी पाहिलंय.

१५. सोनेरी फॉइलमध्ये बारीक रेघा गायब झाल्या. दोष कुणाचा?

बहुधा आकाराचा. फॉइल गरम ठशाने कागदावर दाबली जाते. ठशावर रेघ केसाएवढी असेल तर फॉइल तिथे धरत नाही. उलट 'ई' आणि 'ए' यांच्या आतली छोटी पोटं दाबाने भरून जातात. मी ०.२ मिलिमीटरहून बारीक रेघ फॉइलला देत नाही आणि १८ पॉइंटच्या खाली कलमी अक्षर फॉइलमध्ये घेत नाही. खरबरीत हातकागद असेल तर आणखी मोठं. स्क्रीन छपाईलाही हाच हिशेब. गडद मरून रंग छापून त्यात अक्षर पांढरं सोडलं असेल तर कडेची शाई अक्षराच्या आत पसरते, म्हणून फॉन्टचं किंचित जाड रूप घ्या. 'बी' बटणाचं नव्हे, प्रश्न २ पाहा.

ठसा करण्याआधी एकच नाव खऱ्या कागदावर काढून बघा. पडद्यावर सगळंच सुंदर दिसतं.

१६. दारावरच्या पाटीला चालेल का?

पितळेवर कोरून घेणार असाल तर फारच छान. कोरीव कामात कलमाची जाड-बारीक रेघ नीट उतरते. ॲक्रिलिक किंवा स्टीलची अक्षरं कापून चिकटवणार असाल तर जपून. सगळ्यात बारीक रेघ पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी असली की तिथेच तुटते. शिवाय ही अक्षरं बहुतेक सुटी असतात, त्यामुळे प्रत्येक अक्षर वेगळं बसवावं लागतं आणि एक जरी जरा फिरलं तरी झुकाव बिघडतो. मागे एक पट्टी ठेवून त्यावर अक्षरं घ्या. मराठी नाव मोठं आणि वर, इंग्रजी खाली लहान. कुरिअरवाल्याला जिन्याच्या अंधारात वाचता आलं पाहिजे, म्हणून पाटीवर शेपट्या नकोतच.

१७. प्रेसला फाइल कशी पाठवू? फॉन्टही पाठवू का?

फॉन्ट पाठवू नका. ऑफिसबरोबर आलेला फॉन्ट आपल्या कामात वापरता येतो, पण त्याची फाइल दुसऱ्याला देणं परवान्यात बसत नाही. पेठेत सगळे म्हणतात तसं "कर्व्ह करून" पाठवा, म्हणजे अक्षरांच्या रेघा होतात आणि समोर फॉन्ट नसला तरी आकार बदलत नाही. किंवा फॉन्ट आत भरलेली पीडीएफ द्या. कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त होत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा आणि प्रूफ आधी वाचा.

१८. श्रद्धांजलीच्या किंवा स्मरणपत्राच्या इंग्रजी मजकुराला हे अक्षर वापरलं तर वाईट दिसेल का?

नाही. बरेच जण हे 'लग्नाचं अक्षर' समजून बिचकतात. मुळात ते पत्राचं अक्षर आहे, हाताने लिहिलेल्याची ऊब त्यात आहे. शेपट्या, सोनेरी रंग आणि वेलबुट्टी काढून टाका, काळ्या किंवा गडद करड्या रंगात, भरपूर कोऱ्या जागेत दोन ओळी ठेवा. नाव आणि तारखा साध्या उभ्या अक्षरात ठेवले तर अधिक शांत वाटतं.

१९. मला हे हाताने शिकायचं आहे. सुरुवात कशी करू?

सपाट निबचं पेन घ्या, २ मिलिमीटरचं. अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानांत चौकशी करा. छोट्या अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या पाचपट, म्हणजे १० मिलिमीटर. वर आणि खाली तेवढीच जागा दांड्यांना. झुकाव ५ ते १० अंश, जास्त नको. निब ४५ अंशांत धरा आणि ती बोटांत फिरवू नका.

पहिला आठवडा फक्त 'एन' आणि 'ए' गिरवा. 'एन'ची फांदी दांड्यातून कशी फुटते ते प्रश्न ४ मध्ये सांगितलं आहे. 'ए' जमला की 'डी', 'जी', 'क्यू' त्याच पोटातून निघतात. मराठी सुलेखन करत असाल तर निब उलट्या बाजूने तासलेली असेल, ती इंग्रजीला चालणार नाही. दोन पेनं वेगळी ठेवा.

२०. आजोबांच्या जुन्या प्रमाणपत्रावरचं नाव फिकट झालंय. तोच फॉन्ट शोधून तसंच छापून मिळेल का?

बऱ्याचदा तो फॉन्ट नसतोच. पूर्वीच्या प्रमाणपत्रांवर मजकूर छापलेला असे आणि नाव कुणीतरी टाकाने लिहिलेलं असे, तेही बहुधा टोकदार निबने. भिंगातून पाहा. एकाच नावात दोनदा आलेलं अक्षर दोन्ही वेळा तंतोतंत सारखं असेल तर छापील, जरा वेगळं असेल तर हाताचं. हाताचं असेल तर जवळचा फॉन्ट लावून केलेली प्रत मूळ कागदासारखी कधीच दिसत नाही. ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करून आणा. त्यावरून रेघ ठळक करून प्रत काढता येते किंवा सुलेखनकाराकडून ते नाव तसंच लिहून घेता येतं.

तोवर मूळ कागद लॅमिनेट करू नका, मागे सेलोटेप लावू नका. साध्या पांढऱ्या कागदाच्या घडीत, सपाट, उन्हापासून दूर ठेवा आणि आणताना गुंडाळी न करता फाइलमध्ये घालून आणा.